पूर्ण मजकूर की नुसती चुणूक?

आमचं त्रैमासिक जुनी देवळं, लेणी, वाडे आणि बारवा यांच्याविषयीचं. छापील अंकाचे वर्गणीदार थोडे, संकेतस्थळावर येणारे बरेच जास्त. संकेतस्थळाची डागडुजी करायची ठरली, तेव्हा फीडचं काय करायचं हा प्रश्न मी दोन माणसांपुढे ठेवला. एक मावशी. महाविद्यालयाच्या ग्रंथालयातून निवृत्त झाल्यापासून त्या आमची मुद्रितं तपासतात आणि कार्यालयात त्या सगळ्यांच्याच मावशी आहेत. दुसरा त्यांचा खराखुरा भाचा. तो पुण्यात एसईओचं काम करतो, म्हणजे गूगलमध्ये लोकांची पानं वर यावीत म्हणून खटपट करतो. दोघांचं जमणार नाही हे ठाऊक होतं. म्हणूनच दोघांना एकाच दुपारी बोलावलं.

ज्यांना फीड ठाऊक नाही त्यांच्यासाठी दोन वाक्यं. संकेतस्थळ यंत्राला वाचता येईल अशी एक फाइल ठेवतं. तिच्यात ताज्या लेखांची शीर्षकं, दुवे, तारखा आणि सारांश किंवा सगळा मजकूर असतो. फीडरीडर नावाचं ॲप ती फाइल अधूनमधून पाहून येतं आणि नवं काही असेल तर तुमच्यापुढे मांडतं. या फाइलचा आज वापरात असलेला सर्वांत जुना प्रकार आरएसएस. या आद्याक्षरांनी मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे भलतंच काही उभं राहतं, त्यामुळे पुढे शक्यतो फीड एवढंच म्हणतो.

भाचा : मावशी, मुळात आज फीड वाचतं कोण? गूगल रीडर १ जुलै २०१३ ला बंद झालं. फायरफॉक्सने डिसेंबर २०१८ मध्ये, चौसष्टाव्या आवृत्तीत, फीड दाखवायची सोयच काढून टाकली. माझ्या एकाही क्लायंटने आजवर मला फीडबद्दल विचारलेलं नाही.

मावशी : मी वाचते. रोज सकाळी.

भाचा : तू अपवाद आहेस.

मावशी : असेन. तू गाडी चालवताना पॉडकास्ट ऐकतोस, ते कुठून येतात?

भाचा : ॲपमधून.

मावशी : आणि ॲपमध्ये कुठून येतात? प्रत्येक कार्यक्रमाचं एक फीड असतं. डेव्ह वाइनर नावाच्या प्रोग्रॅमरने २००० साली आरएसएसच्या ०.९२ या आवृत्तीत एक खूण घातली, लेखाला ध्वनिफीत जोडता यावी म्हणून. पॉडकास्टचा सगळा डोलारा त्या एका खुणेवर उभा आहे. यूट्यूबच्या प्रत्येक वाहिनीला आजही फीड आहे. आपल्या वर्गणीदारांना नवा लेख आल्याची जी ईमेल जाते ना, तीही फीडवरूनच तयार होते. म्हणजे फीड हा शब्द ज्यांनी कधी ऐकला नाही तेसुद्धा फीडचेच वाचक आहेत.

भाचा : बरं, वाचक आहेत. पण शोधासाठी त्याचा उपयोग काय?

मावशी : पान कशाबद्दल आहे हे यंत्राला सांगणाऱ्या ज्या स्ट्रक्चर्ड डेटाचं नाव तू दिवसभर घेतोस, त्याच्यामागे कोण होतं?

भाचा : स्कीमा डॉट ऑर्ग? रामनाथन गुहा.

मावशी : आयआयटी मद्रासचे. मार्च १९९९ मध्ये नेटस्केपने आपल्या पोर्टलसाठी आरएसएसची पहिली आवृत्ती काढली, तिच्यामागेही हेच गुहा होते. तुझं दैवत आणि माझं, एकाच हातचं आहे.

भाचा हसला, पण त्याने मुद्दा सोडला नाही, आणि खरं सांगायचं तर त्याचा पुढचा मुद्दा मला बिनतोड वाटला. फीड असल्याने कुठलंही पान गूगलमध्ये वर येत नाही, हे त्याने आधीच सांगून टाकलं. या धंद्यात असं सरळ सांगणारे थोडे.

भाचा : फायदा इतकाच की नवं पान लवकर सापडतं. साइटमॅपमध्ये सगळी पानं असतात. एका फाइलमध्ये पन्नास हजार पत्ते बसतात. ती फाइल जड, म्हणून गूगल ती कमी वेळा उतरवून घेतं. फीड छोटं, त्यात फक्त नवं आणि नुकतं बदललेलं, त्यामुळे ते वरचेवर पाहिलं जातं. गूगलनेच २०१४ साली सांगितलं होतं, दोन्ही द्या.

मावशी : म्हणजे आमच्या ग्रंथालयासारखंच. आत सगळ्या पुस्तकांची तालिका आणि दाराशी 'नवीन दाखल' असा फळा.

भाचा : बरोब्बर! आणि फळ्यावर तुम्ही पुस्तकाचं नाव लिहायचात. अख्खं पुस्तक नाही.

मावशी क्षणभर गप्प बसल्या. असं फार वेळा होत नाही.

मावशी : फळ्याखालच्या मांडणीवर ते पुस्तकही ठेवलेलं असायचं. उभ्या उभ्या चाळायला.

इथून खरा वाद सुरू झाला. फीडमध्ये सबंध लेख द्यायचा की पहिल्या काही ओळी? आमचं संकेतस्थळ ज्यावर चालतं त्या वर्डप्रेसमध्ये ही एक साधी निवड आहे, 'वाचन' या सेटिंगमध्ये दोन गोल टिंबं. पण त्या दोन टिंबांमध्ये वाचकाविषयीच्या दोन निराळ्या समजुती आहेत.

भाचा : पूर्ण मजकूर दिलास की चोराचं फावतं. फीडवर पाळत ठेवणारे प्रोग्रॅम असतात. लेख पडला की काही मिनिटांत तो जाहिरातींनी भरलेल्या कुठल्यातरी पानावर जसाच्या तसा हजर. आपलं संकेतस्थळ लहान. आपलं मूळ पान गूगलने पाहण्याआधी नक्कल नोंदली गेली, तर आपणच आपल्या मागे.

मावशी : चोराला पान उघडून मजकूर उचलता येत नाही का?

भाचा : येतो. पण तिथे थोडी मेहनत पडते.

मावशी : म्हणजे तुझं कुलूप फक्त प्रामाणिक माणसासाठी. हरिश्चंद्रगडावर जाणारा मुलगा आदल्या रात्री आपला लेख फोनवर उतरवून घेतो. वर रेंज नसते. केदारेश्वराच्या गुहेपाशी उभं राहून त्याने 'पुढे वाचा'वर बोट ठेवलं, तर तिथे काय उघडणार? आणि ज्यांना दिसत नाही, पडदा वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर ज्यांच्या सोबतीला असतं, त्यांना तुझ्या पानावर वर्गणीची खिडकी, कुकींची खिडकी, जाहिरात, असं सगळं ओलांडून लेखापर्यंत पोचावं लागतं. फीडमध्ये सरळ मजकूर. रंगनाथनांनी १९३१ साली ग्रंथालयाचे पाच नियम मांडले, त्यातला एक वाचकाचा वेळ वाचवण्याबद्दलच आहे. नोकरीभर मी तो पाळला.

भाचा : रंगनाथनांना जाहिरातीचं उत्पन्न दाखवायचं नव्हतं. पान उघडलंच नाही तर वर्गणीचा अर्ज दिसणार कुणाला? किती लोक आले ते मोजणार कसं? अंक चालवायचा तर आकडे लागतात.

हे तो माझ्याकडे बघून म्हणाला. कागदाचं बिल मीच भरतो, त्यामुळे मान हलवण्यावाचून माझ्यापाशी उत्तर नव्हतं.

भाचा : आणि वजन? देवनागरीचं एक अक्षर यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट घेतं, काना, मात्रा, अनुस्वार वेगळे. तीन हजार शब्दांचा लेख म्हणजे पन्नास-साठ किलोबाइट. दिवाळी अंकाचे पंचवीस लेख पूर्ण दिले तर फीड सव्वा-दीड मेगाबाइटच्या घरात. शेकडो फीडरीडर दर तासाला ते मागायला येणार.

मावशी : मागायला येतील, पण दर वेळी न्यायची गरज नाही. सर्व्हरने फाइलबरोबर ईटॅग नाहीतर शेवटच्या बदलाची वेळ दिली, की पुढच्या खेपेला रीडर तीच खूण दाखवून विचारतो, काही बदललंय का? नसेल तर सर्व्हर ३०४ एवढंच उत्तर देतो. मजकूर जातच नाही. शिवाय मजकूर दाबून पाठवता येतो. देवनागरी दाबली की चांगली आटते.

भाचा : तुला ३०४ माहीत आहे?

मावशी : तुझ्या जन्माआधीपासून मी यंत्रांशी भांडते आहे.

चोरीच्या प्रश्नावर मात्र तोडगा भाच्यानेच काढला आणि मावशींना तो पटला. प्रत्येक लेखाच्या शेवटी, फीडपुरती, एक ओळ: हा लेख मुळात अमुक ठिकाणी प्रसिद्ध झाला, आणि तिथला दुवा. योस्टसारख्या प्लगइनमध्ये ही सोय तयार असते. लेखातले आतले दुवे आणि चित्रांचे पत्ते अर्धे न ठेवता पूर्ण द्यायचे. नक्कल करणारा डोळे मिटून नक्कल करतो, त्यामुळे ते दुवेही तिकडे जातात आणि मूळ पान कुठलं हे शोधयंत्राला कळायला मदत होते. पूर्ण पत्त्यांचा वाचकालाही उपयोग आहे. अर्धा पत्ता असला की फीडरीडरमध्ये चित्राच्या जागी फाटकी चौकट दिसते आणि देवळाच्या लेखात चित्र नसेल तर उरतं काय? मूळ पानाची नोंद आधी व्हावी यासाठी वेबसबही सुरू करायचं ठरलं. त्यात नवं आलं की संकेतस्थळ स्वतःच हब नावाच्या मध्यस्थ सर्व्हरला कळवतं, कुणी विचारायला यायची वाट पाहत नाही. २०१८ पासून ती वेबची मान्य शिफारस आहे. साइटमॅप बदलला म्हणून गूगलला हाक मारायचा जुना पत्ता २०२३ साली गूगलने मोडीत काढला, तेव्हा तो नाद भाच्याने सोडून दिला आहे.

मग तारखा निघाल्या. इथे मला वाटलं होतं त्याच्या उलट घडलं.

मावशी : तुमच्या धंद्यात एक वाईट खोड आहे. दर भाद्रपदात अष्टविनायकाचा तोच लेख, तारीख तेवढी नवी. माझ्या रीडरमध्ये तो दर वर्षी 'नवा' म्हणून येतो.

भाचा : लेख तोच ठेवणं चूक नाही, मावशी. पत्ता तोच ठेवला तर त्या पानाकडे आलेले जुने दुवे कामी येतात. दर वर्षी नवं पान काढलं तर आपलीच पाच पानं एकमेकांशी भांडतात. वाईट आहे ते काही न बदलता तारीख बदलणं. साइटमॅपमध्ये शेवटच्या बदलाची जी तारीख असते ती गूगल वापरतं, पण ती खरी असते असा अनुभव आला तरच. आणि पान किती महत्त्वाचं, किती वेळा बदलतं, हे जे रकाने लोक मन लावून भरतात, त्यांच्याकडे गूगल बघतही नाही. तारखेत खोटं बोललं की मग खऱ्या बदलावरही विश्वास राहत नाही.

मावशी : मग आपण एकाच बाजूचे आहोत की!

भाचा : तारखेपुरते.

मावशी : तर मग ॲटम वापर, फीडचा दुसरा प्रकार. आरएसएसमध्ये प्रसिद्धीची एकच तारीख. ॲटममध्ये दोन, प्रसिद्ध केव्हा झालं आणि बदललं केव्हा. डिसेंबर २००५ मध्ये त्याचं प्रमाण ठरलं, आरएफसी ४२८७. आणि प्रत्येक लेखाला एक आयडी, तो जन्मभर बदलायचा नाही. पत्ता बदलला, लेख दुसऱ्या विभागात गेला, शीर्षक बदललं, तरी आयडी तोच. म्हणजे रीडरला कळतं की हा तोच लेख आहे, नुसता सुधारलेला.

आयडीचा विषय निघताच मावशींचा आवाज चढला. कुठल्याशा संकेतस्थळाने एचटीटीपीवरून एचटीटीपीएसवर जाताना डेटाबेसमध्ये सरसकट जुना पत्ता काढून नवा घातला होता. त्यात प्रत्येक लेखाचा आयडीही बदलला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या रीडरमध्ये जुन्या लेखांचा ढीग 'न वाचलेले' म्हणून पडला होता आणि त्यात खरोखर नवा असलेला एक लेख कुठे बुडाला ते त्यांना शोधूनही सापडलं नाही. त्यांनी ते फीड त्याच दिवशी काढून टाकलं. संकेतस्थळाच्या मालकाला हे कधी कळलंही नसणार. फीडचा वाचक जाताना दार आपटत नाही.

भाच्याने तारखेची आणखी एक गोष्ट सांगितली, ती मराठी संकेतस्थळवाल्यांनी लिहून ठेवावी अशी आहे. आरएसएसमधली तारीख ठरावीक इंग्रजी साच्यात लागते: वाराचं तीन अक्षरी इंग्रजी नाव, महिन्याचं तीन अक्षरी इंग्रजी नाव, इंग्रजी अंक. वर्डप्रेस स्वतः हे सांभाळतं. पण कुणी स्वतःचा साचा बनवला आणि तारीख मराठीत दाखवणारं फंक्शन तिथेही लावलं, की फीडमध्ये 'सोम' आणि 'ऑगस्ट' उमटतात, कधी अंकही देवनागरी होतात. वाचकाला छान वाटेल, यंत्राला काहीच कळत नाही. काही रीडर अशा लेखावर आजची तारीख टाकतात, काही तो यादीच्या तळाशी ढकलतात. वेळेच्या मागे भारतीय वेळेची तीन इंग्रजी आद्याक्षरं लिहिणंही चुकीचं, कारण इस्राएल आणि आयर्लंडही तीच वापरतात. तिथे अधिक ०५३० हा आकडाच हवा. आणि शब्दांमधली न तुटणारी जागा दाखवणारी एचटीएमएलची खूण तशीच फीडमध्ये गेली तर एक्सएमएल ती ओळखत नाही आणि सबंध फीड कोसळतं. एका खुणेपायी दहाही लेख गायब.

दहा हा आकडा सहज आला आणि त्यातून दिवाळी अंकाचा प्रश्न उभा राहिला.

मावशी : वर्डप्रेस फीडमध्ये शेवटचे दहाच लेख ठेवतं, तसं सांगितलं नाही तर. आपण दिवाळी अंक वसुबारसेला एकदम टाकतो. पंचवीस लेख. माझा रीडर दुपारी येतो, त्याला दहा दिसतात. बाकीचे पंधरा त्याच्या लेखी छापलेच गेले नाहीत.

भाचा : म्हणून रोज दोन-दोन टाका. गूगलही रोज येईल, ईमेलही रोज जाईल.

मावशी : अंक म्हणजे अंक. तो संपादकाने एका क्रमाने लावलेला असतो. तू त्याचा रतीब करतोस.

भाचा : क्रम कोण बघतं?

मावशी : ज्याने लावला तो बघतो.

इथे मी मध्ये पडलो, कारण क्रम मी लावतो आणि तो बघणारे वाचक मला भेटलेले आहेत. फीडमधल्या लेखांची मर्यादा वाढवून तीस करायची, दिवाळीपुरती, एवढं मी ठरवून टाकलं. वेबसब सुरू असेल तर तेवढ्यात काम भागतं.

शीर्षकाचा वाद मात्र मला मिटवता आला नाही. एका लेखकाने सिन्नरच्या गोंदेश्वर मंदिरावर लेख पाठवला आहे. शीर्षक: 'दगडात थांबलेली संध्याकाळ'.

भाचा : हे कुणी गूगलमध्ये टाइप करणार आहे का? लोक 'गोंदेश्वर मंदिर सिन्नर' टाइप करतात. त्यातले निम्मे तर रोमन लिपीत.

मावशी : शीर्षक लेखकाचं असतं. ते बदलायला आपण कोण?

भाचा : पानावर तेच मोठ्या अक्षरांत राहू दे. गूगलसाठीचं शीर्षक वेगळं देता येतं, तिथे मी साधं लिहीन.

मावशी : आणि फीडमध्ये कुठलं देणार?

भाचा : तुला हवं ते.

मला वाटलं मावशी संध्याकाळ निवडतील. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, फीडमध्ये दोन्ही लागतील. त्यांचं कारण मला अजून आठवतं. छापील अंकात शीर्षकाभोवती किती काही असतं: वर विभागाचं नाव, शेजारी मंदिराचं छायाचित्र, खाली लेखकाचं नाव, आणि मुखपृष्ठ तर वाचकाने आधीच पाहिलेलं. तिथे 'दगडात थांबलेली संध्याकाळ' एकटी नसते. रीडरच्या यादीत ती दीडशे ओळींमध्ये एक ओळ असते, वर शेअर बाजार, खाली क्रिकेट. तिथे तिला स्वतःचा पत्ता सांगावा लागतो. ग्रंथालयाच्या नोंदीत मुख्य शीर्षकापुढे उपशीर्षक येतं, तसं इथेही: दगडात थांबलेली संध्याकाळ, सिन्नरचं गोंदेश्वर मंदिर. भाच्याला दोन्ही चालतात, पण त्याला गाव आणि देऊळ आधी हवं, कारण शोधाच्या निकालात आणि फोनच्या अरुंद पडद्यावर शीर्षकाचा शेवट कापला जातो आणि जो तुकडा उरतो त्यात 'गोंदेश्वर' असलंच पाहिजे. मावशींच्या मते लेखकाच्या शब्दांपुढे दुसरं काही लावणं हा औचित्यभंग आहे. दोघंही बरोबर आहेत. लेख अजून माझ्या टेबलावरच आहे.

पत्त्याचं मात्र पटकन आटोपलं. 'गोंदेश्वर' या शब्दात काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त धरून नऊ खुणा. पत्त्यात त्यांचं सांकेतिक रूप झालं की एक्क्याऐंशी चिन्हं होतात. वर्डप्रेस पत्त्यातला शीर्षकाचा भाग दोनशे चिन्हांवर कापतं, म्हणजे बावीस खुणांत खेळ संपला. लांब मराठी शीर्षकाचा पत्ता मध्येच तुटतो आणि व्हॉट्सॲपवर पाठवला की टक्क्यांच्या चिन्हांचा किडका दोरा दिसतो. गूगलला देवनागरी पत्ता चालतो. पण तो दोन शब्दांचा, हाताने लिहिलेला असावा. यावर दोघंही एका सुरात हो म्हणाले. दोन प्रकारच्या ऱ्यांबद्दलही वाद झाला नाही. 'दऱ्या' हा शब्द संगणकात दोन तऱ्हांनी लिहिला जातो, त्यातल्या एकीत डोळ्यांना न दिसणारं एक जोडचिन्ह असतं. एखाद्या स्वच्छता करणाऱ्या प्लगइनने ते चिन्ह कचरा समजून उडवलं, की सह्याद्रीतल्या दऱ्यांचा दर्या होतो आणि ट्रेकिंगचा लेख समुद्रावर जातो. सबंध संकेतस्थळावर एकच तऱ्हा ठेवायची.

आता सारांश. वर्डप्रेस आपण होऊन लेखाचे पहिले पंचावन्न शब्द उचलतं आणि पुढे तीन टिंबं देतं. मराठी लेखाचे पहिले पंचावन्न शब्द म्हणजे काय असतं हे मी इतकी वर्षं पाहतो आहे. नमनाला घडाभर तेल. गोंदेश्वरच्या लेखात त्या पंचावन्न शब्दांत लेखक नाशिकच्या स्थानकावर एसटीची वाट पाहतो आहे आणि कटिंग चहा पितो आहे. सिन्नर अजून यायचंय.

भाचा : हाच सारांश मग फीडमध्ये जातो, ईमेलमध्ये जातो आणि कधी गूगलच्या निकालातही तोच दिसतो. चहा.

मावशी : म्हणून सारांश हाताने लिहायचा. तीन ओळी. मंदिर यादवकालीन, शैली भूमिज, मांडणी पंचायतन, आणि हा लेख त्यात नवीन काय सांगतो. मग कुणाला पुढे वाचायचं नसेल तर नसो, त्याला निदान काहीतरी मिळालं.

भाचा : पण मग तो क्लिक कशाला करेल?

मावशी : हाच फरक आहे आपल्यात. तुला तो अर्धवट भुकेला हवा असतो.

हे लागलं त्याला. थोडा वेळ त्याने काही म्हटलं नाही. मग तो जे बोलला ते त्याच्याच धंद्याच्या विरुद्ध जाणारं होतं. गूगल २०२४ पासून निकालांच्या वरच एआयने लिहिलेलं उत्तर दाखवू लागलं आहे. गोंदेश्वर कुठल्या शैलीतलं, हे विचारणाऱ्याला उत्तर तिथेच मिळतं. तो खाली येतच नाही.

मावशी : म्हणजे तू ज्या दारातून माणसं आणणार होतास, ते दारच अरुंद होत चाललंय.

भाचा : बंद नाही झालेलं. पण हो.

मावशी : आणि ज्याने स्वतःहून आपलं फीड घेतलंय, त्याच्या आणि आपल्या मध्ये गूगल बसलेलं नाही. त्याला अर्ध्या ओळीवर उपाशी ठेवून तू कुणासाठी वाचवतोस हा मजकूर?

माझं मत मावशींकडे झुकलं ते इथे. तारीख खरी असणं, आयडी न बदलणं, फाइल निर्दोष असणं, सारांश हाताने लिहिणं, यात शोधयंत्र आणि वाचक यांच्या गरजा वेगळ्या नाहीतच. दोघं दुपारभर भांडले ते एकाच कामाच्या दोन बाजू धरून. खरा फरक उरतो तो पूर्ण मजकुराचा, आणि तिथे शोधयंत्राला फीडमधून जास्त काही नकोच आहे. त्याला पान सापडलं की त्याचं काम झालं. मग फीडमधला बाकीचा मजकूर राखून ठेवायचं कारण फक्त आपली मोजदाद.

भाचा : मोजदाद 'फक्त' नाही. पूर्ण मजकूर देऊ, माझी हरकत नाही. पण सहा महिन्यांनी तुम्ही मला विचारणार, किती लोक वाचतात? तेव्हा मी काय सांगू?

मावशी : सर्व्हरच्या नोंदवहीत बघ. फीडली, इनोरीडर यांच्यासारखे रीडर फीड मागायला येतात तेव्हा आपल्या नावासोबत किती जणांसाठी मागतोय तो आकडाही सांगतात. स्वतःची ओळख सांगणाऱ्या ओळीत तो लिहिलेला असतो.

भाच्याने लॅपटॉप पुढे ओढला.

भाचा : म्हणजे हा आकडा इतकी वर्षं आपल्याकडे येऊन पडत होता?

मावशी : कुणी विचारायला आलं नाही ना. त्या ईमेलवाल्या सेवेचीही ओळ असेल बघ त्यात, ती एकदाच येते आणि मागे हजार माणसं असतात. ती वेगळी धर. आणि माझी ओळ वगळ, नाहीतर म्हणशील मावशीने आकडा फुगवला.